पाना-पक्कड घेऊन युगांडाला

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, तोही नाही. मी हॉस्पिटलातली मशिनं दुरुस्त करतो. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सक्शन, ऑटोक्लेव्ह (वाफेनं अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र), बीपीचं यंत्र, जे बंद पडेल ते. मिरजेत इतकी हॉस्पिटलं आहेत की पोटापुरतं काम बारा महिने असतंच. त्यामुळं आमच्या चर्चच्या मंडळीतून युगांडाला सेवेसाठी टीम जाणार असं कळलं तेव्हा मी फक्त वर्गणी दिली आणि विषय संपवला. पण एकाचं ऐनवेळी जमेना, तिकीट रिकामं राहिलं, आणि पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले, "तिकडं म्हणे मशिनं पडून आहेत, तुम्ही चला." बायको म्हणाली जा, मी म्हणलं बघू, आणि पुढच्या आठवड्यात पीतज्वराची लस घ्यायला पुण्याच्या गाडीत बसलो.

ही लस मात्र आधी घ्या बरं का, निघायच्या निदान दहा दिवस आधी. पिवळं कार्ड मिळतं. ते नसेल तर युगांडात आत घेत नाहीत आणि येताना आपल्याकडंही अडवतात.

आम्ही सहाजण. पाळकसाहेब, त्यांच्या मिसेस, दोन सिस्टर, म्हणजे नर्स, मंडळीतल्या थोरल्या मावशी (रिटायर शिक्षिका, वय ६७, सगळ्यात फिट) आणि मी. कपड्यांच्या तीन मोठ्या बॅगा वाटायला घेतलेल्या. मावशींनी चार किलो भडंग घेतलं. माझ्या बॅगेत मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, ऑक्सिजन किती टक्के येतो ते मोजायचा अ‍ॅनालायझर, फिल्टरं, दहा मीटर सिलिकॉनची दोरी आणि पान्यांचा सेट.

पहिला दिवस, १९ जानेवारी, गुरुवार

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, मुंबईहून पहाटेचं विमान, आदिस अबाबाला बदलून एंटेबे, युगांडाचा विमानतळ. खिडकीतून खाली नुसतं पाणी. मला वाटलं समुद्र, पण युगांडाला समुद्रच नाही, ते व्हिक्टोरिया सरोवर. विमान त्या पाण्यातच उतरतंय की काय असं वाटत असताना अचानक धावपट्टी आली.

कार्ड बघितलं, कपाळाला ताप मोजायची गन लावली, शिक्का मारला. सगळं नीट चाललं होतं, तेवढ्यात कस्टमच्या बाईंनी माझी बॅग उघडायला लावली. सोल्डरिंग गन बाहेर, वायरी बाहेर, ती दोरी बाहेर. पाळकसाहेबांचा चेहरा पडला. मी माझ्या इंग्लिशमध्ये, म्हणजे अर्ध्या हातवाऱ्यांनी, सांगितलं की हॉस्पिटल मशीन, रिपेअर. बाईंनी माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "ओह, यू आर अ फुंडी!" आणि हसून बॅग बंद केली. फुंडी म्हणजे मिस्त्री, कारागीर. पुढचे दहा दिवस माझं नाव तेच होतं, आणि खरं सांगतो, 'मिशनरी' म्हणून घेण्यापेक्षा मला ते बरं वाटलं.

हॉस्पिटलची व्हॅन आली होती. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं, एवढं एक ओळखीचं. राजधानी कंपालाच्या गर्दीत न शिरता मसाकाच्या रस्त्याला लागलो. म्पिगीच्या पुढं म्पांबिरे म्हणून गाव लागतं, तिथं रस्त्याच्या कडेला ओळीनं ढोल. लहान, मोठे, माणसाएवढे, कातडं ताणून वाळत घातलेलं. मी मिरजेचा, सतारमेकर गल्लीत वाढलेला माणूस, मला राहवेना. गाडी थांबवली. एक म्हातारा बसून कातड्याची वादी ओढत होता, ओढायचा, थाप मारायचा, कान लावायचा, परत ओढायचा. आमच्याकडं तंबोऱ्याची जवारी लावताना अगदी हेच चालतं. विकत काही घेतलं नाही म्हणून ड्रायव्हर थोडा नाराज झाला.

पुढं कायाब्वेला विषुववृत्त. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी गोल कमान, सगळे त्यात उभं राहून फोटो काढतात. एक पोरगा तीन भांडी घेऊन बसलेला, रेषेच्या उत्तरेला पाणी एका बाजूनं फिरतं, दक्षिणेला उलट्या बाजूनं, आणि बरोब्बर रेषेवर सरळ खाली जातं, बघा म्हणे. सिस्टर थक्क. आता एवढ्याशा भांड्यात पृथ्वीच्या फिरण्याचा काही परिणाम दिसत नसतो, तो पाणी ओतताना हात कसा फिरवतो त्यावर सगळा खेळ आहे, मी दोनदा बघून पकडलं. पण हाताची सफाई बघून पैसे दिले. कलाच आहे ती.

मसाकाच्या अलीकडं डांबरी रस्ता सोडला आणि लाल मातीचा सुरू झाला. मुरूमच, आपल्यापेक्षा लाल, पिठासारखा बारीक. जानेवारी म्हणजे तिकडं कोरडे दिवस. पोचेपर्यंत सहाजणांचे केस एका रंगाचे झाले होते. हॉस्पिटलच्या दारात मेट्रन आणि दहाबारा माणसं उभी, "यू आर मोस्ट वेलकम" म्हणत. दोन मुली तर चक्क गुडघे टेकून हात मिळवायला लागल्या. इथं बायका वडीलधाऱ्यांना नि पाहुण्यांना असंच भेटतात, रीत आहे. मावशी घाईघाईनं त्यांना उठवायला गेल्या, मग स्वतःच खाली बसल्या, मग तिघी हसायला लागल्या.

दुसरा दिवस

सकाळी व्हरांड्यात दात घासत होतो तर येणारा जाणारा प्रत्येकजण म्हणतोय, "वेल डन, वेल डन." दात घासल्याबद्दल? नंतर कळलं, लुगांडा भाषेत कुणी भेटलं की "ग्येबालेको" म्हणायचं, म्हणजे कष्ट करताय, बरं करताय. त्याचंच इंग्लिश झालं 'वेल डन'. तुम्ही काही करत असा किंवा नसा. आणि ठेच लागली, चमचा पडला, तर समोरचा "सॉरी" म्हणतो, त्याची काही चूक नसताना.

मग मीटिंग झाली आणि पहिला धक्का बसला. आमच्या दोन सिस्टरपैकी एकीचं तिथल्या नर्सिंग कौन्सिलचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन आलं होतं, दुसरीचे कागद कुठंतरी अडकले होते. मेट्रन अगदी गोड बोलून म्हणाल्या, कागद नाही तर पेशंटला हात लावायचा नाही. सिस्टर रडायलाच आल्या, अठरा वर्षं आयसीयू केलेली बाई. पाळकसाहेब जरा रदबदली करायला गेले, पण मला मेट्रनचं पटलं. उद्या मिरजेत कुणी परदेशी बाई आली आणि म्हणाली मी सेवेला आलेय, सलाईन लावते, तर आपण लावू देऊ का? मग त्या सिस्टरनी दहा दिवस स्टोअरमधली औषधं एक्सपायरी बघून लावली.

मला नेलं मागच्या एका खोलीकडं. कुलूप काढलं. माझ्या आयुष्यात मी इतकी मेलेली मशिनं एका ठिकाणी बघितली नव्हती. अकरा कॉन्सन्ट्रेटर, बरेचसे कोविडच्या वेळी आलेले. दोन सक्शन, इन्क्युबेटर, ईसीजी, तीन ऑटोक्लेव्ह, एक डेंटल खुर्ची. अर्ध्यांवर 'सप्रेम भेट'सारखी इंग्लिश लेबलं. चार कॉन्सन्ट्रेटर अमेरिकेचे, ११० व्होल्टचे. इथं वीज २४० व्होल्ट. एक कुणीतरी सरळ लावलेला, आतलं बोर्ड कोळसा. ट्रान्सफॉर्मर लावला तरी भागत नाही, ते मशीन ६० हर्ट्झवर चालायला बनवलेलं, इथं ५०, कॉम्प्रेसर हळू फिरतो आणि हवाच कमी पडते. पाठवणाऱ्याचा फोटो छापून आला असेल, हे इथं धूळ खातंय. आपणही असंच करतो, म्हणून कुणाला नावं ठेवत नाही, पण राग आला.

आणि तिथं बसले होते म्झे. म्झे म्हणजे वयस्कर माणूस, आदरानं म्हणतात, आपण 'आबा' म्हणतो तसं. हॉस्पिटलचे फुंडी. साठीच्या पुढचे, निळा कोट, खिशात टेस्टर. गेली कित्येक वर्षं पंप, जनरेटर, वायरिंग, गॅस, ऑटोक्लेव्ह, सगळं हा एकटा माणूस बघतो. त्यांनी माझ्याशी हात मिळवला, हसले नाहीत. कुणीतरी बाहेरचा येणार, चार दिवस खोलणार, फोटो काढणार, स्क्रू हरवून जाणार, हे त्यांनी आधी बघितलं असावं. मी काही बोललो नाही. निघताना म्हणाले, उद्या, सावा बिरी. सावा म्हणजे तास, बिरी म्हणजे दोन, हे मी लगेच शेजारच्या पोराला विचारून घेतलं. दोन वाजता, ठीक.

तिसरा दिवस

दोनला गेलो. म्झे खोलीबाहेर स्टुलावर बसलेले, मला बघून घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. सकाळी आठपासून बसले होते. इथं दिवस सूर्य उगवल्यापासून मोजतात, सात वाजले की पहिला तास, आठला दुसरा. विषुववृत्तावर सूर्य वर्षभर जवळपास एकाच वेळी उगवतो म्हणून जमतं ते. सावा बिरी म्हणजे सकाळचे आठ! सहा तास वाट बघायला लावली मी त्यांना. मला इतकी लाज वाटली की मी सरळ हात जोडले, लुगांडात काय म्हणतात माहीत नाही, मराठीतच म्हणलं, "चुकलं आबा." तेव्हा हसले. "सॉरी," म्हणाले. त्यांनी मलाच सॉरी म्हटलं!

मग कामाला लागलो ते अंधार पडेपर्यंत. ऑटोक्लेव्ह आधी घेतला, कारण तो सोपा. मोठा कुकरच तो, गॅस्केट गेलेलं, वाफ धरत नव्हता. म्झेंनी ट्यूबचं रबर कापून बसवून दोन वर्षं चालवला होता. मी सिलिकॉनची दोरी कापून बसवली, प्रेशर धरलं. ते बोटानं दोरी दाबून बघत होते, आपण कापड बघतो तशी.

चौथा दिवस, रविवार

घंटा नाही, ढोल. पहाटे चर्चच्या अंगणातून असा घुमतो की झोपच उडते. उपासना साडेतीन तास. गाणी, टाळ्या, नाच, साक्षी, मग वर्गणीच्या वेळी कुणी पैसे टाकले, कुणी केळ्याचा घड आणला, एका बाईनं जिवंत कोंबडी. ती कोंबडी लगेच तिथंच लिलावात काढली. आमच्या मंडळीतही सुगीच्या सणाला वस्तूंचा लिलाव होतो, त्यामुळं मावशी एकदम फॉर्मात, त्यांनी बोली लावून कोंबडी जिंकली आणि मग काय करायचं कळेना म्हणून मेट्रनला दिली. आम्हाला गायला सांगितलं. पेटी नाही, तबला नाही, आम्ही मराठी भजन टाळ्यांवर म्हटलं, दुसऱ्या कडव्याला त्यांच्या ढोलवाल्यानं ठेका पकडला तो आमच्यापेक्षा बरोबर होता.

जेवण: मातोके, म्हणजे कच्ची केळी केळीच्याच पानात बांधून वाफवून केलेला पिवळा लगदा, त्यावर दाण्याच्या कुटाची आमटी. हो, दाण्याची आमटी! थोडं मीठ कमी. मावशींनी पिशवीतून चटणी काढली आणि विषय मिटला.

पाचवा आणि सहावा दिवस

हे दोन दिवस माझे. कॉन्सन्ट्रेटरचं असं असतं की तो ऑक्सिजन बनवत नाही, हवेतला नायट्रोजन झिओलाइटच्या दाण्यांत अडकवतो आणि उरलेला ऑक्सिजन, नव्वद टक्क्यांच्या वर, पेशंटला देतो. त्यासाठी हवा आत यायला पाहिजे. पहिला उघडला, फिल्टरवर लाल मातीचा थर, वीट म्हणून विकली असती. फिल्टर बदलून चालू केला, अ‍ॅनालायझर लावला, ५८, ७०, ८४, थांबला ९२ वर. म्झे आकड्याकडं बघत बसले. त्यांच्याकडं हे मोजायचं यंत्रच नव्हतं. मशीन आवाज करतंय, नळीतून वारा येतोय, एवढ्यावर चालू आहे म्हणायचं. त्यात ऑक्सिजन साठ टक्के आहे की नुसतीच हवा आहे, कळायला मार्ग नाही.

आणि आता त्यांचं ऐका. तिसरं मशीन चालू होतं पण आकडा ७० च्या वर जाईना. मी बोर्ड काढायला लागलो. म्झेंनी हात धरला, थांब म्हणाले. कॅबिनेटला कान लावला. हे मशीन दर काही सेकंदांनी एका टाकीतून दुसरीत हवा बदलतं, फुस्स, थोडं थांबून, फुस्स. म्झेंनी दोन बोटं वर केली, एक जोरात खाली आणली, दुसरी अर्धीच. एक फुस्स पूर्ण, दुसरा अर्धा. डावा व्हॉल्व्ह अडकतोय. उघडलं तर तेच. मी वीस वर्षं हे काम करतोय, मला ऐकू आलं नव्हतं. म्पांबिरेचा तो ढोलवाला आठवला, तसाच कान.

सातातून (ते अमेरिकन चार सोडून) चार चालू झाले. तीन गेलेच, दाणे ओल धरून खराब झालेले. आणि त्याचं कारण ऐकून वाईट वाटतं, 'महाग मशीन आहे, जपून ठेवा' म्हणून वापरलंच नव्हतं. हे मशीन बंद ठेवलं की आतले दाणे हवेतली ओल पितात. चालवलं तर टिकतं. म्झेंनी खडूनं भिंतीवर लिहिलं, दर सोमवारी, सगळी, एक तास.

सहाव्या दिवशी रात्री एक मशीन मुलांच्या वॉर्डात नेलं. न्यूमोनियाचं बाळ होतं, सात-आठ महिन्यांचं. मी दारातच थांबलो, आत माझं काही काम नव्हतं. फुस्स, फुस्स, दोन्ही सारखे, एवढं ऐकलं आणि खोलीवर आलो.

सातवा दिवस

कपॅसिटर आणायला मसाका गावात. आणि तिथं मला भाषेची गंमत कळली. दुकानाला लुगांडात 'एदूका'. सायकलला 'एगाली', म्हणजे आपली गाडीच, आणि आगगाडी म्हणजे 'एगाली योमुक्का', धुराची गाडी. चहा 'चायी'. चपातीला चपातीच, जाड, तेलकट, आणि त्यात ऑम्लेट गुंडाळलं की त्याचं नाव रोलेक्स. घड्याळ नाही हो, 'रोल एग्ज' वेगानं म्हणून बघा. साधारण ४५ शिलिंगांना एक रुपया पडत होता, चाळीसेक रुपयांत पोट भरतं.

हे शब्द आले आपल्या माणसांबरोबर. १८९६ पासून युगांडा रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून हजारो मजूर आणले, अडीच हजारांच्या आसपास तिथंच मेले. मागून दुकानदार आले, गुजराती जास्त. १९७२ ला तिथला हुकूमशहा इदी अमीननं सगळ्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला. शब्द तेवढे कुणाला हाकलता आले नाहीत. कपॅसिटर ज्या दुकानात मिळाला तिथल्या पोरानं मला 'मुयिंडी' म्हणून हाक मारली, म्हणजे इंडियन, आणि भाव दुप्पट सांगितला. म्झे मागून आले, चार शब्द बोलले, भाव निम्मा.

शेजारीच जुन्या कपड्यांचा बाजार, मिवुंबा म्हणतात. युरोप-अमेरिकेतले वापरलेले कपडे गाठोड्यांनी येतात, डोंगर लागलेले, चांगले शर्ट अगदी स्वस्त. मी बघतच राहिलो. आमच्या तीन बॅगा! जादा सामानाचे पैसे भरून आणलेल्या! त्या पैशात दहा फिल्टर आले असते. संध्याकाळी पाळकसाहेबांना सांगितलं, ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बॅगा तरी चांगल्या आहेत, त्या देऊ." आणि खरंच, कपड्यांपेक्षा बॅगांनाच मागणी आली.

आठवा दिवस, २६ जानेवारी

सकाळी मावशींनी अंगणात आमचा छोटा झेंडा लावला तर तिथला स्टाफ म्हणतो आज आमचीही सुट्टी. १९८६ साली याच तारखेला, पुढं राष्ट्राध्यक्ष झालेल्या मुसेवेनींच्या फौजेनं कंपाला घेतलं, त्याचा दिवस. मग दोन्ही देशांची राष्ट्रगीतं झाली, भडंग वाटलं. उरलेलं सगळं भडंग म्झेंनी कागदात बांधून घरी नेलं.

नववा दिवस

कंपाला. झाडांवर मेराबू करकोचे, टकले, गळ्याला पिशवी, जणू सरकारी ऑफिसातले जुने हेडक्लार्क. नामिरेंबे टेकडीवरच्या कॅथेड्रलला गेलो. आमच्या मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ ला दवाखाना काढला, इथं मेंगोला डॉ. अल्बर्ट कुक यांनी १८९७ ला. कुक यांची कबर या कॅथेड्रलपाशीच आहे. पण मी थांबलो दुसऱ्या एका कबरीपाशी. अलेक्झांडर मॅके, स्कॉटलंडचा इंजिनिअर, १८७८ साली इथं आला. रस्ता केला, छपाई केली, लोहारकाम केलं, राजा मुतेसाच्या आईची शवपेटीसुद्धा ह्यानंच घडवली. लोक त्याला 'मुझुंगु वा काझी' म्हणायचे, कामाचा गोरा. १८९० मध्ये तापानं गेला, वय ४०. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मी कबरीची कड बघत होतो, सिमेंटचा जोड नीट भरलेला नव्हता.

दहावा दिवस

परत. कस्टमला या वेळी काही विचारलं नाही, बॅगेत अवजारं नव्हतीच. अ‍ॅनालायझर, पाने, मल्टिमीटर, उरलेली दोरी, सगळं म्झेंकडं ठेवून आलो. त्यांनी वही काढून सही करून घेतली, तारीख टाकून, एकेक वस्तू लिहून. माझ्या बॅगेत दोन किलो कॉफी आणि एक छोटा ढोल, म्पांबिरेचा, ड्रायव्हरची नाराजी दूर करायला शेवटी घेतलाच.

मुंबईला पिवळं कार्ड बघितलं, सोडलं.

म्झेंचा परवा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी मेसेज आला. बोलणं काही नाही, नुसतं मशीन. फुस्स, फुस्स, फुसस. दुसऱ्या नंबरच्या मशीनचा उजवा व्हॉल्व्ह जाणार, मला पहिल्याच वेळी ऐकू आलं. व्हॉल्व्ह पुण्यात मिळाला, चार घेऊन ठेवलेत. पाव किलोचं पार्सल आहे, कुरिअरचा खर्च व्हॉल्व्हच्या तिप्पट सांगतात. ओळखीत कुणी कंपालाला जाणारं असेल तर सांगा, मी विमानतळावर आणून देतो.